पूल गेला की सांग

माझ्या मुलीने, आफिवेने, विद्यापीठातून मला वीस शब्दांची यादी पाठवली. त्यांच्या वर्गात परदेशी मुलं आहेत, त्यांच्यासाठी आपल्या खोसा भाषेतल्या रोजच्या शब्दांचे अर्थ हवेत म्हणे, प्रत्येकी एक ओळ. खाली लिहिलं होतं, ‘आई, शुक्रवारपर्यंत. शार्प?’ यादीतला पहिला शब्दही शार्पच होता. ठीक, छान, झालं, कळलं, निघते, या सगळ्याला शहरातली पोरं शार्पच म्हणतात, तसं मी लिहिलं. मकोटी म्हणजे घरात आणलेली सून, जिने सगळ्यांच्या आधी उठायचं आणि सगळ्यांच्या नंतर बसायचं. लोबोला म्हणजे तिच्यासाठी तिच्या माहेरी दिलेली गुरं, ज्यांची आठवण पाव करपला की तिला करून दिली जाते. असं करत एकोणीस शब्द झाले. विसावा होता उम्फाफा.

त्याच्यापुढे मी एक ओळ लिहिली आणि खोडली. पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. शेवटी ‘एक काटेरी झाड’ एवढंच लिहून यादी पाठवून दिली. आईला कंटाळा आला असेल असं पोरीला वाटलं असणार. मागच्या थंडीत घरी जे झालं तेव्हा ती परीक्षेत होती, आणि तिला आम्ही वरवरचंच सांगितलंय.

आधी सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. त्यांचं नाव मी सांगणार नाही. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, आणि नुसतं नाव टाळून भागत नाही. त्या नावाशी जुळणारे जे जे शब्द असतील ते सगळे जिभेवरून उतरवून ठेवायचे आणि त्यांच्या जागी दुसरे घालायचे. आमचं नशीब असं की ज्या धान्याचं आम्ही तिन्ही त्रिकाळ खातो त्याचंच नाव सासऱ्यांच्या नावाला जाऊन मिळतं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी मला चुलीपाशी बसवून एकेक शब्द बदलून दिला. त्या धान्याला मी ‘पिवळं’ म्हणायला लागले. दुकानात पिवळ्याचं पीठ मागितलं की दुकानदार हसून विचारायचा, कोणत्या घरची सून गं तू. बावीस वर्षं झाली, आता मला खरा शब्द मुद्दाम आठवावा लागतो.

माझं स्वतःचं नावसुद्धा त्यांनीच बदललं. लग्नाच्या दिवशी मी चटईवर मान खाली घालून बसले होते, आणि सासरे दारातून म्हणाले की हिला नोसाखेले म्हणा. नोसाखेले म्हणजे आमचं घर बांधणारी. त्यानंतर वर्षभर ते माझ्याशी थेट बोलले नाहीत. बोलायला लागले ते खवचटपणेच. माझ्या हातचा चहा प्यायले की म्हणायचे, पाणी छान तापवलंस. मला राग यायचा आणि थोडं हसूही यायचं. मी त्यांना ताता म्हणत होते, आणि मनातल्या मनात बरंच काही म्हणत होते.

हा असा माणूस एकाच गोष्टीला घाबरायचा, ती म्हणजे केई नदीचा पूल. मोंटी शहरात जायचं तर तो ओलांडावाच लागतो. आमच्या बाजूने रस्ता डोंगराच्या कड्याला चिकटून खाली खाली वळत उतरतो, मग तो लांब पूल, मग पलीकडे पुन्हा चढण. सासरे लहानपणी नदीत वाहून जाता जाता वाचले होते. गाडी उतरणीला लागली की ते डोळे गच्च मिटून घ्यायचे.

शेवटच्या आजारात मोंटीच्या दवाखान्यात त्यांना मीच घेऊन गेले. नवरा, लोयिसो, उत्तरेला खाणीत होता आणि सासूबाईंचे गुडघे चालत नव्हते. टॅक्सीची व्हॅन उतरणीला लागली तशी सासऱ्यांनी डोळे मिटले आणि माझं मनगट धरलं. आमच्याकडे सासरा सुनेला हात लावत नाही, आणि ते तर अशा बाबतीत फारच कडक. पण त्यांनी धरलं. म्हणाले, “पूल गेला की सांग.”

मी सांगितलं. पूल संपल्यावर हळूच म्हटलं, “ताता, पूल गेला.” त्यांनी हात सोडला, डोळे उघडले आणि ड्रायव्हर किती वाईट चालवतो त्यावर बोलायला लागले. त्या मनगटाबद्दल आम्ही दोघंही पुन्हा कधी बोललो नाही.

बारा दिवसांनी दवाखान्यातच ते वारले.

देह नेणाऱ्यांनी देह त्याच दिवशी गावी नेला. पण आमच्याकडे देह नेला म्हणजे माणूस नेला असं होत नाही. जिथे जीव गेला तिथेच माणूस बसून राहतो, त्याला घ्यायला जावं लागतं. त्यासाठी उम्फाफाची फांदी लागते. फांदी त्या खाटेला टेकवायची, त्याच्या कुळाची नावं घेऊन हाक मारायची आणि सांगायचं की चला, घरी नेते. मग तो फांदीवर बसून येतो. येताना फक्त त्याच्याशी बोलायचं, दुसऱ्या कोणाशी एक अक्षर नाही. प्रत्येक वळण सांगायचं, प्रत्येक नदी सांगायची. मेलेल्या माणसाला रस्ता दिसत नाही, तो आवाजाच्या मागे येतो.

हे काम घरातल्या मोठ्या पुरुषाचं. पण त्या आठवड्यात टॅक्सीवाल्यांचा संप होता. धाकटे ताता, म्हणजे सासऱ्यांचे भाऊ, गावातच अडकले. लोयिसो उत्तरेकडून निघाला होता, पण त्याला दोन दिवस लागणार होते. संप मिटला त्या सकाळी धाकट्या तातांनी घराच्या मागच्या झाडाची फांदी तोडून वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पहिल्याच टॅक्सीच्या ड्रायव्हरबरोबर माझ्याकडे पाठवली. फोनवर म्हणाले की आता तूच. बाईने करायचं काम नाही हे त्यांना माहीत होतं, पण शनिवारी पुरायचं होतं आणि दुसरं कोणी नव्हतं. सगळं त्यांनी मला दोनदा समजावलं. शेवटी म्हणाले की केईवर विसरू नकोस, तुला माहितेय तो कसा आहे.

त्यांचे शेवटचे तीन दिवस-रात्र मी खाटेशेजारच्या लाकडी बाकावर जागून काढले होते. फांदी घेऊन पुन्हा वॉर्डात गेले तर त्या खाटेवर पाय मोडलेला एक तरुण लापशी खात बसला होता. मी खाटेच्या दांड्याला फांदी टेकवली आणि म्हटलं, तोलो, द्लांगामांद्ला, म्चेंगे, उठा, घरी जायचंय. त्या पोराने चमचा खाली ठेवला. सिस्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, तुला नाही बोलत त्या. तो बिचारा खाटेच्या कडेला सरकून बसला.

टॅक्सीत मी ड्रायव्हरला दोन बोटं दाखवली. त्याने फांदी पाहिली आणि दोन जागांचं भाडं घेतलं. पुढे एक जाडजूड बाई चढली आणि माझ्या शेजारची रिकामी जागा बघून पिशव्या ठेवायला लागली. ड्रायव्हर मागे न बघता म्हणाला की तिथे माणूस बसलाय. बाईने फांदीकडे पाहिलं, पिशव्या उचलल्या आणि मागे जाऊन दुसऱ्या प्रवाशांच्या मधे कोंबून बसली.

मी सांगत होते. ताता, आता शहर संपलं. ताता, आता अननसाची शेतं. ताता, डावीकडे वळण. बाहेर ऊन होतं, काच गरम झाली होती, फांदी मांडीवर होती. मला आठवतं ते शेवटचं म्हणजे मी म्हटलं, ताता, आता उतरण येईल.

जाग आली ती लोकांच्या आरडाओरडीने. खिडकीबाहेर टॅक्सीतळ होता, भाजी विकणाऱ्या बाया होत्या. मी बावचळून मागच्या बाईला विचारलं, “केई गेली का?”

ती म्हणाली, “अगं, कधीच. हे बटरवर्थ आहे.”

एका वाक्यात माझ्या दोन चुका झाल्या. नदीवर मी गप्प राहिले होते आणि आता बोलू नये त्याच्याशी बोलले होते. मी फांदीकडे पाहिलं. ती तशीच होती, पण मला कळलं. कसं ते विचारू नका. शेजारची जागा दोन तास भरलेली होती आणि आता रिकामी होती.

मी परत जायला हवं होतं. तिथेच उतरून उलटी टॅक्सी धरायला हवी होती. पण घरी माणसं वाट बघत होती, खड्डा खणून झाला होता, आणि खरं सांगायचं तर मी भ्याले. सून म्हणून वीस वर्षं जपलेलं नाव एका डुलकीत जाणार होतं. फाटकात धाकट्या तातांनी फांदी घेतली आणि विचारलं की सगळं नीट झालं ना. मी म्हटलं, झालं. त्यांनी फांदी गोठ्यात नेऊन ठेवली. गोठा आमच्या घरातल्या पूर्वजांची जागा, तिथे सुनेने पाय ठेवायचा नसतो. मी लांबून बघत होते.

त्यानंतर वर्षभर मी नीट झोपले नाही.

स्वप्न नेहमी एकच. सासरे पुलाच्या पलीकडच्या टोकाला उभे आहेत, त्यांच्या तपकिरी कोटात, डोळे गच्च मिटून. हात पुढे केलेला, मनगट पकडायला करतात तसा. ट्रक त्यांच्या अंगावरून गेल्यासारखे जातात. आणि ते विचारतात, गेला का? मी तोंड उघडते, आवाज येत नाही. जाग आली की माझं मनगट दुखत असे. एकदा भाकड गाईला पाणी पाजताना भर दुपारी ओढ्याच्या पलीकडून त्यांची ती घसा साफ करण्याची खाकरणी ऐकली. हातातली बादली तिथेच पडली. गाय मात्र मान वर करून त्याच दिशेला बघत राहिली.

त्याहून वाईट सासूबाईंचं होतं. आमच्याकडे गेलेला माणूस घरी पोचला की घरच्यांच्या स्वप्नात येतो, काही मागतो, रागावतो, हसतो. सासूबाई रोज सकाळी चुलीपाशी बसून विचारायच्या, कोणाला दिसले का तोलो? त्या नवऱ्याला तोलो म्हणायच्या, कुळाच्या नावाने. लोयिसो सुट्टीवर आला की नाही म्हणायचा, शेजारची पुतणी नाही म्हणायची. मग त्या माझ्याकडे बघायच्या. मीही नाही म्हणायचे. त्या मान हलवायच्या आणि म्हणायच्या, माझ्यावर रागावले असतील, दवाखान्यात आले नाही म्हणून. रोज स्वतःलाच दोष द्यायच्या. मी समोर बसून पिवळं कांडत असायचे आणि मला सगळं माहीत असायचं. मी इतकी हलकट असेन असं मला त्याआधी वाटलं नव्हतं.

वर्ष झाल्यावर त्यांना विधी करून पूर्वज म्हणून घरात परत आणायचं ठरलं. लोयिसोने काळा-पांढरा बैल आणला. आठवडाभर आम्ही बायकांनी बीअर मुरवली. शनिवारी सकाळी सगळं गाव आलं. पुरुष गोठ्यात, आम्ही बायका घराच्या भिंतीशी चटयांवर. ह्या विधीत बैल हंबरला पाहिजे. भाल्याचं टोक लागलं की तो हंबरतो आणि तो हंबरला म्हणजे पलीकडच्यांनी ऐकलं, घेतलं. मग बायका जीभ नाचवून आनंदाचा लांब आवाज करतात आणि पुढचं सगळं होतं.

बैल हंबरला नाही. धाकट्या तातांनी कुळाची सगळी नावं घेतली, पुन्हा टोचलं. बैल नुसता उभा. तिसऱ्यांदाही तो उभाच राहिला, आणि त्याने मान वळवली ती दक्षिणेकडे, मोंटीच्या रस्त्याकडे. भिंतीशी बसलेल्या बायकांनी सासूबाईंकडे बघायचं टाळलं.

धाकटे ताता भाला खाली ठेवून गोठ्याच्या दाराशी आले. ओरडले नाहीत. अशा वेळी जे विचारायचं ते त्यांनी विचारलं. या घरात काही बोलायचं राहिलंय, ते ज्याच्या पोटात असेल त्याने आता बोलावं, नाहीतर बैल सोडून देतो आणि माझा भाऊ जिथे आहे तिथे राहील.

सासूबाई उठायला लागल्या. गुडघ्यांवर हात टेकून, भिंतीला धरून. त्यांना वाटलं त्यांच्यामुळेच. सगळ्यांदेखत त्या आपल्या न केलेल्या चुकीची माफी मागायला निघाल्या होत्या. ते मला बघवलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात दाबून त्यांना खाली बसवलं, खांद्यावरची शाल आवळली आणि अंगणाच्या मधोमध जिथपर्यंत सुनेला जाता येतं तिथपर्यंत गेले.

“ताता केईवर राहिलेत,” मी म्हटलं. “मला झोप लागली होती. मी त्यांना पूल सांगितला नाही. आणि तुम्हांला खोटं सांगितलं.”

कोणाच्यातरी हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. लोयिसो माझ्याकडे बघत होता, जसं कोणी अनोळखी बाईकडे बघतं. सासूबाईंकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. एक म्हातारा मागून म्हणाला की वर्षभर माणूस उन्हात उभा केला पोरीने. ते बरोबरच होतं, म्हणून जास्त लागलं.

धाकटे ताता गोठ्याच्या दारातून वळले. मग घरामागे गेले आणि झाडाची फांदी तोडून आणली. म्हणाले की तो तुझ्या आवाजाच्या मागे निघाला होता, दुसऱ्या कोणाच्या मागे येणार नाही. जा आणि घेऊन ये. बैल बांधलेला राहील, माणसंही राहतील, ऊन असेतो. आणि लोयिसोला म्हणाले, गाडी काढ.

दोन तास लोयिसो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. उतरण लागली तेव्हा मात्र तो समोर बघतच म्हणाला, “मला तरी सांगायचंस.”

मी म्हटलं, “तुला सांगितलं असतं तर तू आईंना सांगितलं असतंस.”

त्याने मला पुलापलीकडे सोडलं आणि गाडी वळवून आमच्या बाजूच्या टोकाला जाऊन उभा राहिला. मी एकटी, हातात फांदी. दुपारचं ऊन, खाली नदी मातकट आणि संथ, ट्रक गेले की पुलाचा कठडा थरथरायचा. रस्त्याकडेला एक बाई संत्र्यांच्या जाळ्या मांडून बसली होती. तिने फांदी पाहिली आणि विचारलं, “न्यायला आलीस?”

अजून हाक मारली नव्हती, म्हणून बोलायला हरकत नव्हती. मी हो म्हटलं. कोणाला, तिने विचारलं. मी म्हटलं, तोलो कुळातले, माझे सासरे.

ती संत्रं पुसत म्हणाली, “नुसतं तोलो म्हणून हाक मारू नकोस, बाई. इथून मागे एकदा बस खाली कोसळलीय, ट्रक गेलेत, पुरात माणसं गेलीत. न्यायला कोणी आलं नाही असे बरेच आहेत. तोलोच चार-पाच असतील. मागच्या वर्षी एक जण आला आणि कुळाचं नाव घेऊन मोकळा झाला. कोणाला घेऊन गेला देव जाणे.”

मला वाटलं संत्री खपत नाहीत म्हणून घाबरवतेय. मी कठड्याशी गेले, फांदी टेकवली आणि धाकट्या तातांनी शिकवलं तसंच म्हटलं. तोलो, द्लांगामांद्ला, म्चेंगे, माभानेकाझी, चला, घरी जायचंय.

ट्रक यायचे थांबले. वारा थांबला. आणि माझ्याभोवती दाटी झाली. टॅक्सीतळावर दार उघडल्यावर जशी माणसं चहूबाजूंनी सरकतात, तशी. काही दिसत नव्हतं. पण कोणाच्या ओल्या लोकरी कपड्याचा वास आला, डिझेलचा आला, कुणाचातरी श्वास मानेवर आला. एकाने माझ्या शालीचं टोक ओढलं. हळूच ओढलं, लहान मूल ओढतं तसं, आणि तेच मला सगळ्यात असह्य झालं. फांदी जड व्हायला लागली. एका हाताने पेलवेना म्हणून मी दुसरा लावला.

इतक्यांत माझे कोणते हे मला कळेना. ते पुढे येणाऱ्यांतले नव्हतेच. ते मागे कुठेतरी डोळे मिटून उभे असणार, कोणीतरी येऊन सांगेल म्हणून.

मग मी ते केलं. मोठ्याने, बाजारात एखाद्या पोराला हाक मारतात तसं, सासऱ्यांचं नाव घेतलं. पाळण्यातलं, शाळेच्या दाखल्यावरचं, थडग्याच्या लाकडावरचं ते नाव. एकवीस वर्षं जे नाव तर सोडाच पण त्याच्या आसपासच्या पिठाचं नावसुद्धा मी तोंडात धरलं नव्हतं, ते घेताना माझी जीभ सुजल्यासारखी झाली. पुन्हा घेतलं. संत्रीवाली बाई उठून उभी राहिली. मी सासरे म्हटलेलं तिने ऐकलं होतं, सुनेच्या तोंडून ते नाव आलं हे तिला कळलं.

तिसऱ्यांदा घेतलं आणि माझं मनगट कोणीतरी धरलं.

हात तोच होता. अंगठ्याला मोठं नख, बोटं खडबडीत, भीतीने घट्ट. बाकीची दाटी एकेक करून मागे सरली. ती सरताना मला कळत होतं की ते निराश झालेत, आणि मी त्यांच्यासाठी काहीच करू शकत नव्हते. मी फक्त म्हटलं, ताता, चला.

पूल लांब आहे. मी चालत होते आणि सांगत होते. ताता, पूल लागला. ताता, आता अर्धा झाला. ताता, खाली बघू नका, तसेही डोळे मिटलेलेच असतील तुमचे. हे शेवटचं माझ्या तोंडून निसटलं, जिवंतपणी मी त्यांना असं कधी बोलले नसते. मनगटावरची पकड हलली. ते हसले असं मी धरून चालले.

शेवटचा खांब मागे गेला. लोयिसो गाडीचं दार उघडून उभा होता आणि त्याला माझ्याशी बोलायचं होतं हे दिसत होतं, पण तो बोलला नाही. मी म्हटलं, “ताता, पूल गेला.”

हात सुटला. मनगटावर पाच लाल वळ होते. मी लोयिसोला ते दाखवले. त्याने एकदा पाहिलं, मग गाडीतल्या पुढच्या बाकावरची मधली जागा पुसली आणि पलीकडून जाऊन स्टिअरिंगवर बसला. घरापर्यंत मी वळणं सांगत राहिले आणि तो गाडी आपल्या वडिलांना आवडेल तशी, हळू, चालवत राहिला. वाटेत कुठेतरी त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी ते पुसू शकत नव्हते, दोघांच्या मधे जागा भरलेली होती.

सूर्य डोंगराला टेकायच्या आत आम्ही फाटकात पोचलो. धाकट्या तातांनी फांदी घेतली आणि हातात धरताच थोडे वाकले. गोठ्यात नेली. या वेळी भाला टोचायची वेळच आली नाही. बैल आपणहून हंबरला, इतका मोठ्याने की शेजारच्या टेकडीवरची गुरं उलट हंबरली. बायकांनी आवाज केला. मी मात्र भिंतीला पाठ लावून बसून राहिले.

कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. रागाने की दुसऱ्या कशाने, ठाऊक नाही. थोड्या वेळाने पुतणी आली आणि म्हणाली, आजी आत बोलावतेय.

सासूबाई गोल घरात, नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर, चटईवर बसल्या होत्या. मी दाराशीच गुडघे टेकले. वाटलं, आता माहेरी जा म्हणतील. पुलावरचं काहीतरी लोयिसोकडून त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी विचारलं, “तू त्यांना हाक कशी मारलीस?”

खोटं बोलायची ताकद आता उरली नव्हती. “नाव घेतलं, आई,” मी म्हटलं. “तिथे तोलो बरेच होते.”

बाहेर मांस वाटायला घेतल्याचे आवाज येत होते. मग त्यांनी मला जवळ बोलावलं, माझं ते मनगट हातात घेतलं आणि वळांवरून एकेक बोट फिरवलं. पाचही मोजून झाल्यावर म्हणाल्या, “तू निजलीस म्हणून माझा राग नाही. तीन दिवस जागली होतीस. मला रोज सकाळी नाही म्हणत होतीस, त्याचा आहे.”

मी मान खाली घातली.

“एक्केचाळीस वर्षं मी त्यांना तोलो म्हटलं,” त्या म्हणाल्या. “त्याआधी लग्न ठरत असताना एकदा माझ्या बापाने ते नाव घेतलं होतं, तेवढंच ऐकलंय. कसं म्हणालीस तिथे? म्हण बघू.”

मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलले, एकदा नुसतेच, मग दुसऱ्यांदा. एखादी नवी मुलगी उंबऱ्यावर पाय ठेवते तसं जपून त्यांनी ते नाव स्वतः घेतलं.

“बोनिसिले.”

खुर्चीच्या बाजूने घसा साफ केल्याचा आवाज आला. आम्ही दोघींनीही तिकडे पाहिलं नाही. सासूबाईंनी माझं मनगट सोडलं, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि म्हणाल्या, “मकोटी, बीअर आण. आणि ती गाळून आण, नाहीतर पाणी छान तापवलंस म्हणतील.”